ग्रँट डफ: आडनाव एक की दोन? आणि तीन मुकुटांची ढाल फलकावर लावावी का?

चारभिंती (सातारा)
प्रतापसिंह महाराजांच्या कारकिर्दीवर चित्रफलकांचं छोटं प्रदर्शन आहे. त्यातला एक फलक रेसिडेंट (दरबारातला ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधी) जेम्स ग्रँट डफचा, ३ बाय ४ फुटांचा फ्लेक्स. वरच्या कोपऱ्यात त्याच्या घराण्याचं चिन्ह टाकायचं ठरलंय. नेटवर शोधलं की दोन वेगळीच चित्रं येतात. एकात लाल ढालीवर तीन सोनेरी मुकुट. दुसऱ्यात बक्कलवाल्या पट्ट्याचं वर्तुळ, आत पेटलेला डोंगर आणि पट्ट्यावर ‘स्टँड फास्ट’. नुसतं ‘डफ’ टाकलं की तिसरंच काहीतरी. यातलं खरं कुठलं? आणि ग्रँट डफ हे जोडआडनाव, की ग्रँट हे नाव आणि डफ आडनाव? आमच्याकडच्या एका टिपणात ‘ग्रांटसाहेब’ आहे, दुसऱ्यात ‘डफसाहेब’. दोन्ही शब्दांचा अर्थही दोन ओळींत द्यायचाय. फ्लेक्सवाला शुक्रवारी फाईल मागतोय.

हरिपूरकाठ (सांगली)
आधी साल बघा, निम्मा घोळ तिथेच मिटतो. १८१८ ते १८२२ साताऱ्यात जो होता तो कॅप्टन जेम्स ग्रँट. ‘डफ’ तेव्हा नव्हतंच. जन्म १७८९, स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं बॅन्फ. आई डफांची. आईकडची ईडन नावाची इस्टेट १८२५च्या सुमारास त्याच्याकडे आली, तेव्हा त्याने ग्रँटपुढे डफ जोडलं. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली छापून आला तोवर नाव बदललेलं होतं, म्हणून पुस्तकावर ग्रँट डफ. आपण ते पुस्तकावरचं नाव उचलून मागे १८१८ला चिकटवतो. २५ सप्टेंबर १८१९च्या साताऱ्याच्या तहाच्या वेळीही तो नुसता ग्रँटच. तेव्हा ‘ग्रांटसाहेब’ म्हणणारं टिपण बरोबर. ‘डफसाहेब’ हे मागाहून कोणीतरी शेवटचा शब्द म्हणजे आडनाव असं धरून लिहिलेलं दिसतंय.

दोन आडनावं मिळून एक, मधे जोडरेघ नाही. मुलाचं नाव बघितलं की आणखी स्पष्ट होतं: माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ, १८८१ ते १८८६ मद्रासचा गव्हर्नर. यातले पहिले दोन शब्द बापाच्या साहेबावरून ठेवलेलं पाळण्यातलं नाव, आडनाव शेवटचे दोनच. सूचीत शोधताना ‘ग्रँट’ आणि ‘डफ’ दोन्हीखाली बघावं लागतं, १८२५च्या आधीच्या कागदांसाठी फक्त ग्रँटखाली.

स्कॉटलंडात ही रीत जुनी आहे. वारस मुलीकडून किंवा आजोळकडून आला की इस्टेटीबरोबर नावही चालवायचं. कधीकधी मृत्युपत्रात तशी अटच असे, नाव आणि ढाल दोन्ही चालव नाहीतर इस्टेट पुढच्याला. आपल्याकडच्या दत्तकासारखं, फक्त मूळचं आडनाव सोडावं लागत नाही, शेजारी बसवता येतं.

अर्थ: ग्रँट हे जुन्या फ्रेंचमधल्या ‘मोठा’ या शब्दावरून. सगळ्यात आधीच्या नोंदींपैकी एक म्हणजे १२६३चा इन्व्हर्नेसचा शेरीफ लॉरेन्स ‘ल ग्रँट’. डफ हे गेलिक भाषेतल्या ‘काळा’ या शब्दावरून, केसांच्या किंवा कातडीच्या रंगावरून पडलेलं. एकूण ‘मोठे काळे’. आपल्या काळे, गोरे या आडनावांपेक्षा वेगळं काही नाही.

खणआळी
चित्रं दोन्ही खरी आहेत, पण एकही जेम्स ग्रँटचं नाही.

स्कॉटलंडात ढाल आडनावाची नसते, माणसाची असते. एडिंबरोला लॉर्ड लायनचं, म्हणजे ढालींच्या सरकारी अधिकाऱ्याचं कोर्ट आहे, १६७२च्या कायद्याने चालू झालेली नोंदवही आहे. त्या वहीत ज्याच्या नावावर ढाल नोंदली ती त्याची आणि त्याच्या पश्चात थोरल्या वारसाची. धाकट्या भावाला तीच ढाल तशीच लावता येत नाही. त्याने अर्ज करायचा, फी भरायची, मग ढालीला रंगीत किनार, चंद्रकोर, तारा असं काहीतरी जोडून त्याच्या नावाची वेगळी नोंद होते. थोरली पाती, धाकटी पाती आपल्याकडे माणसांना तोंडपाठ असते, तिथे ती ढालीवर दिसते. परवानगीशिवाय दुसऱ्याची ढाल वापरणं तिथे आजही गुन्हा आहे, कोर्टाला सरकारी वकीलसुद्धा आहे. साताऱ्यात कोणी धरायला येणार नाही, पण चुकीचं ते चुकीचंच.

लाल ढालीवर तीन सोनेरी मुकुट ही ग्रँटांच्या प्रमुखाची ढाल, म्हणजे सगळ्या कुळाच्या थोरल्या पातीची. पट्टा-बक्कलवालं जे आहे ती ढालच नाही. ती टोपीला लावायची खूण. प्रमुखाच्या ढालीवर शिरस्त्राण असतं, त्यावर जे शिरचिन्ह (ग्रँटांच्या बाबतीत पेटलेला डोंगर), ते पट्ट्यात घालून कुळातल्या सामान्य माणसाने टोपीला लावायचं. पट्टा म्हणजे ‘मी त्याचा माणूस आहे’. प्रमुख स्वतः पट्टा लावत नाही, साधं कडं लावतो आणि मागे गरुडाची तीन पिसं. शाखाप्रमुखाला दोन पिसं, स्वतःची ढाल नोंदलेल्याला एक. तेव्हा पट्ट्याचं चित्र टाकून खाली ‘ग्रँट घराण्याची ढाल’ लिहिलंत तर जाणकार पहिल्या नजरेत हसेल.

पेटलेला डोंगर म्हणजे क्रेगेलाची. स्पे नदीच्या खोऱ्यातल्या ग्रँटांच्या मुलखाच्या कडेचा कडा, हाळी देऊन माणसं गोळा करायची जागा. ‘स्टँड फास्ट’ म्हणजे पाय रोवून उभे राहा.

आता चित्र तपासायचं कसं ते सांगतो, कारण नेटवरची निम्मी चित्रं भरताडी असतात.

मुकुट ‘प्राचीन’ प्रकारचा हवा. खाली साधी पट्टी, तिच्यातून सरळ वर निघालेले टोकदार काटे, समोरून सहसा पाच, कडेचे दोन अर्धेच दिसतात. वर कमानी नकोत, आत मखमल नको, टोकाला गोळा आणि क्रॉस नको. इंग्लंडच्या राणीसारखा मुकुट काढलेला असेल तर ते चित्र टाकून द्या. मांडणी वर दोन, खाली एक. वर्णनात वेगळं सांगितलं नसेल तर तीन वस्तू नेहमी अशाच बसतात, कारण ढाल खाली निमुळती होते.

शिरस्त्राणावर पीळ घातलेलं कापड असतं, त्याचे पेड सहा मोजायचे. बघणाऱ्याच्या डावीकडून पहिला पेड धातूचा, म्हणजे सोनेरी किंवा रुपेरी, मग रंगाचा, असे आलटूनपालटून. आणि स्कॉटिश चित्रात बोधवाक्याची पट्टी शिरचिन्हाच्या वर असते. ढालीच्या खाली पट्टी दिसली की बहुतेक वेळा चित्रकार इंग्रजी पद्धतीचा साचा वापरून मोकळा झालेला असतो.

लाल कुठला, सोनेरी कुठला याला शेड ठरलेली नाही, लाल म्हणजे स्वच्छ लाल. फ्लेक्सवर सोनेरीसाठी ग्रेडियंट देऊ नका, लांबून चिखलासारखा तपकिरी दिसतो. सपाट पिवळा द्या, किंचित नारिंगीकडे झुकलेला.

कासपठार
आमच्याकडे जसं देवक तसंच हे असावं ना? मोराचं पीस, कळंब, पंचपल्लव. ग्रँटांचंही एक झाड असतं असं ऐकलंय.

हरिपूरकाठ
झाड असतं, पाइन. टोपीत खोचायची डहाळी. पण देवकाशी साम्य तेवढंच, पुढे गाडी रुळावरून घसरते. आपल्याकडे एक देवक म्हणजे सोयरीक नाही. तिथे झाडाचा लग्नाशी काही संबंध नाही, ग्रँटांच्या मुली ग्रँटांकडेच सर्रास दिल्या जायच्या. शिवाय तीच पाइनची डहाळी मॅकग्रेगरांचीही आहे, आणखी काही कुळांचीही. तेव्हा डहाळीवरून कूळ ओळखायला जाऊ नका. ढालीला आपल्याकडचं जवळचं काही असेल तर ते मुद्रा. ती त्या त्या माणसाच्या नावाची, त्याच्या अधिकाराची, दुसऱ्याने उमटवली तर लबाडी.

मॅकग्रेगरांचा विषय निघालाच आहे तर: १६०३ साली त्यांचं आडनावच कायद्याने बंद केलं गेलं. मधे १६६१ला मोकळं झालं, १६९३ला पुन्हा बंद, कायमची बंदी उठली ती १७७४ला. एवढ्या काळात त्या लोकांनी शेजारच्या कुळांची नावं घेतली: ग्रँट, मरे, ड्रमंड, कॅम्पबेल. म्हणजे कागदावर ग्रँट दिसला म्हणून तो रक्ताने ग्रँट असेलच असं नाही. याशिवाय जमीनदाराच्या आश्रयाला राहणारी माणसं त्याचंच आडनाव लावायची. पवार, जाधव म्हटल्यावर सगळे एका भावकीतले नसतात, तसंच.

उलटंही आहे. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार, गावावरून निंबाळकर झाले. ग्रँटांनी गावाचं नाव घेतलं नाही, गावाला स्वतःचं दिलं. त्यांचा फ्रूकी नावाचा वाडा १६९४ला जहागिरीच्या सनदेने ग्रँट झाला, आणि १७६५ला वसवलेली पेठ ती ग्रँटाउन.

मिरजवेस
याच धाग्यात विचारतो. मालकमपेठेतल्या मालकमची ढाल पण कुणीतरी महाबळेश्वरच्या माहितीपत्रकावर छापली आहे. हरणांची चार मुंडकी आणि फुली. ती बरोबर का?

खणआळी
तो आरगाइलच्या मॅल्कमांचा सापळा. फुली, चार हरणमुंडकी, फुलीवर पाच तारे ही पॉल्टॅलोकच्या मॅल्कमांची. ते पश्चिम किनाऱ्यावरचे, मूळचे मॅकॅलम, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी मॅल्कम हे रूप घेतलं. आपला सर जॉन मॅल्कम, १८२७ ते १८३० मुंबईचा गव्हर्नर, तो दक्षिण सीमेवरच्या एस्कडेलचा, लँगहोमजवळच्या बर्नफूटचा. स्कॉटलंडच्या दोन टोकांची माणसं, सारखं फक्त नाव.

आणि मॅल्कम हे मुळात आडनाव नाहीच, पाळण्यातलं नाव. गेलिकमध्ये ‘संत कोलंबाचा सेवक’. स्कॉटलंडचे चार राजे या नावाचे. चार वेगवेगळ्या गावांत चार मॅल्कम नावाचे बाप असले की चार आडनावं तयार, एकमेकांशी काही देणंघेणं नाही. पत्रकवाल्यांना सांगा, ढाल काढून टाका. लँगहोमवरच्या व्हिटा टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ उभारलेला उंच दगडी स्तंभ आहे, त्याचा फोटो टाकला तर तो निदान त्याचाच असेल.

चारभिंती
कळलं. आणखी एक. प्रदर्शनासाठी एकांनी जुनी लाकडी पेटी दिली आहे, झाकणावर पितळी पत्रा, त्यावर ढाल कोरलेली. तीन डुकरांची मुंडकी, वर दोन खाली एक. पाठीमागे बारीक आडव्या रेघा, मुंडक्यांवर बारीक ठिपके असल्यासारखं वाटतं, पण बरंच झिजलंय. हे कुणाचं ते सांगता येईल का? उद्या घासून चकचकीत करून फोटो टाकतो.

हरिपूरकाठ
घासू नका! चिंच नाही, पावडर नाही, काही नाही. ठिपके झिजलेत ते याच घासण्याने. नुसत्या कोरड्या मऊ कापडाने धूळ झटका. खोलीत अंधार करा, टॉर्च पत्र्याला जवळजवळ चिकटवून आडवा धरा, पंधरा अंशांपेक्षा उंच नको. एक फोटो डावीकडून उजेड टाकून, एक वरून, एक उजवीकडून. रेघ उजेडाच्या दिशेलाच असली तर ती त्या फोटोत दिसतच नाही, म्हणून तीन बाजू. मोबाईलचा फ्लॅश बंद.

त्या रेघा नक्षी नाहीत, रंग आहेत. एकरंगी कोरीव कामात रंग सांगायची ही पद्धत १६३०च्या दशकापासून रूढ झाली. ठिपके म्हणजे सोनेरी. काहीच नसेल तर रुपेरी. उभ्या रेघा लाल, आडव्या निळा. बघणाऱ्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून खाली उजवीकडे तिरक्या गेल्या तर हिरवा. उभ्या-आडव्या दोन्ही, जाळीसारख्या, म्हणजे काळा.

तुमच्या सांगण्यावरून निळ्यावर तीन सोनेरी डुकरं. हा गॉर्डन या स्कॉटिश कुळाचा साचा. आता मान बघा: सरळ सुरीने कापल्यासारखी, की फाटल्यासारखी, खाली तीन चिंध्या लोंबणारी? गॉर्डनांची सरळ कापलेली. फाटलेली असतील आणि मधे उलट्या व्ही-सारखा पट्टा असेल तर मामला वेगळा. रेघा नसलेल्या ढालीवर काळा पट्टा आणि लाल मुंडकी म्हणजे एल्फिन्स्टन, काळ्यावर सोनेरी पट्टा आणि रुपेरी मुंडकी म्हणजे स्विंटन. डुकराचं डोकं स्कॉटलंडात फार लोकप्रिय, नुसत्या डोक्यावरून नाव सांगू नये.

खणआळी
यात भर. कडेने किनार आहे का ते बघा, आणि मधोमध किंवा वरच्या बाजूला लहानशी चंद्रकोर किंवा तारा. असेल तर तो गॉर्डनांच्या कुठल्यातरी धाकट्या पातीचा नोंदलेला माणूस, आणि शोध सोपा होतो. जेम्स बालफोर पॉल या लॉर्ड लायनने १९०३ साली छापलेली सूची नेटवर फुकट आहे, नावावर नाही तर चिन्हावर लावलेली. ‘डुकराचं मुंडकं’खाली जायचं, रंग जुळवायचे, किनारीपाशी नाव मिळतं. किनार वगैरे काही नसेल तर दोनच शक्यता: पेटी खरोखर प्रमुखाची, किंवा कुणा हौशी गॉर्डनने दुकानातून कोरून घेतलेली. दुसरीच जास्त वेळा खरी निघते. असल्या पत्र्याखाली फक्त ‘गॉर्डन घराण्याच्या ढालीसारखं कोरीव काम’ एवढंच लिहा.

पेटीत शिक्क्याची अंगठी वगैरे निघाली तर लक्षात ठेवा, शिक्क्यावर सगळं उलटं कोरलेलं असतं. लाखेवर उमटल्यावर सुलट. फोटो अंगठीचा की लाखेचा ते नोंदवून ठेवा, नाहीतर डावं-उजवं कायमचं उलटं होतं. ढालीत ‘उजवं’ हे ढाल धरणाऱ्याचं, बघणाऱ्याचं डावं.

मिरजवेस
पेटी कुणाची ते माणसावरूनही काढता येईल. इथे मेलेल्या, लग्न झालेल्या, बाप्तिस्मा झालेल्या इंग्रज-स्कॉट लोकांच्या चर्चच्या नोंदींच्या नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मुंबई इलाख्याचा गठ्ठा ‘एन ३’, मद्रासचा ‘एन २’, बंगालचा ‘एन १’. सातारा, सांगली, मिरज सगळं एन ३मध्ये शोधायचं. ब्रिटिश अमलातल्या घराण्यांवर काम करणाऱ्या फिबिस या संस्थेच्या साइटवर नावाने मोफत शोध आहे, आधी तिथे जा.

दफनाच्या नोंदीत आईबापांची नावं नसतात. तिथेच बहुतेकांचं घोडं अडतं. मग सैन्यात किंवा नोकरीत भरती होतानाचे कागद बघायचे, त्यात जन्मगाव मिळतं. जन्मगाव मिळालं की स्कॉटलंडच्या सरकारी साइटवर त्या पॅरिशची (चर्चच्या इलाख्याची) जुनी वही. १८५५च्या आधी सरकारी नोंदणी नव्हती, सगळं चर्चच्या वहीत, सगळ्यात जुनी वही १५५३ची. मॅक आडनावं तिन्ही प्रकारे टाका: पूर्ण ‘मॅक’, नुसतं ‘एम-सी’, आणि एम पुढे वर लटकणारा स्वल्पविराम (अपॉस्ट्रॉफी). एकाच कारकुनाने एकाच पानावर तिन्ही लिहिलेली असतात.

एक सोय: स्कॉटिश कागदांत बाई लग्नानंतरही माहेरच्या नावाने सापडते. आणि नावं ठेवायची रीत आपल्यासारखीच, थोरल्या मुलाला बापाच्या वडिलांचं, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. सक्तीची नव्हती, पण अंदाज बांधायला कामाला येते. आपल्याकडे हेळवी बैलावरून येऊन पिढ्या म्हणून दाखवायचा तसं तिथे कोणी येणार नाही, वही आपणच उलटायची.

कासपठार
आणि चौकड्याचं कापड? फलकाची किनार ग्रँटांच्या लाल चौकड्यात करायची कल्पना होती.

खणआळी
करू नका. ‘या आडनावाचा हा चौकडा’ हे मुख्यतः एकोणिसाव्या शतकातलं, १८२२ला चौथा जॉर्ज एडिंबरोला आला त्यानंतर फोफावलेलं. रिचर्ड वेट नावाच्या चित्रकाराने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रँटांचीच ओळीने व्यक्तिचित्रं काढलीत, त्यांत एकाचा चौकडा दुसऱ्याशी जुळत नाही. साताऱ्यातला ग्रँट तर कंपनीच्या मुंबई ग्रेनेडियर पलटणीचा कॅप्टन. त्याला चौकड्यात गुंडाळायचं काही कारण नाही.

चारभिंती
पेटीची पाटी तुम्ही सांगितली तशी. फलकाचा मजकूर असा केलाय:

‘कॅप्टन जेम्स ग्रँट (१७८९–१८५८), साताऱ्याचा रेसिडेंट, १८१८–१८२२. आईकडची ईडन इस्टेट मिळाल्यावर १८२५च्या सुमारास डफ हे आडनाव जोडलं. ग्रँट: मोठा. डफ: काळा. ढाल: ग्रँट कुळाच्या प्रमुखाची.’

ढाल ९ इंच रुंद. मिळालेलं चित्र ४०० पिक्सेलचं आहे, चालेल? फाईल सोबत जोडली आहे.

हरिपूरकाठ
मजकूर ठीक. ‘प्रमुखाची’ हा शब्द कुणी गाळायला सांगितला तरी गाळू नका. ४०० पिक्सेल ९ इंचांवर म्हणजे इंचाला ४४, मुकुटाचे काटे बोथट दिसतील. रेघांची, म्हणजे व्हेक्टर फाईल घ्या, नाहीतर निदान ९०० पिक्सेलची.

आणि डिझाइनरने जागा बसवायला ढालीतले मुकुट हलवलेत. एक वर, दोन खाली झालेत, खालचे दोन कडेला कापले जातायत. वर दोन, खाली एक करून घ्या.